माझ्याशेजारी काढलेला माणूस

महिपती, तुझ्या सुमननं मला पानभर लिहायला सांगितलंय. पुढच्या महिन्यात साताऱ्यात तुझी सगळी चित्रं एका हॉलमध्ये लावायची ठरलीत, आणि सोबत एक लहानसं पुस्तक काढणार आहेत. ज्यांना तू आपला वाटायचास त्यांनी त्यात लिहायचं. आता पानभर म्हणजे किती रे? मी पानभर बोलून कधी थांबलेय? तूच म्हणायचास, अक्कांच्या खानावळीत भाजी संपती, भाकरी संपती, अक्का संपत न्हाईत.

तू कसा गेलास, आदल्या दिवशी काय खाल्लं होतंस, डॉक्टर काय म्हणाले, ते मी लिहिणार नाही. तेराव्याला ज्याच्या त्याच्या तोंडी तेवढंच होतं. मला सारखं वाटत होतं, उठून सांगावं की अरे, या माणसानं काय काय बघून ठेवलंय ते बोला ना कुणीतरी. पण नाही बोलले. शिवाय तुझं-माझं एक भांडण पंचवीस वर्षं चाललं होतं, ते अर्धवट टाकून तू उठून गेलास. अर्ध्या ताटावरनं कुणी उठलेलं मला खपायचं नाही, हे तुला ठाऊक होतं. म्हणून आज सगळं बोलते. तू ऐक.

माधवनगरला आलास तेव्हा तू विशीतला. वडूजकडचा काटक पोरगा, खांद्याला पिशवी, पिशवीत ब्रश आणि रंगाचे डबे. गिरणीच्या दारांवर, भिंतींवर नावं आणि आकडे रंगवायचं काम तुला मिळालं होतं. आमचे हे त्याच गिरणीत मागावर, त्यांनीच तुला जेवायला आणलं. माझी खानावळ म्हणजे बोळासारखी लांब खोली. मधे टेबल मांडलं तर वाढायला जागा उरत नव्हती, म्हणून दोन्ही भिंतींना फळ्या ठोकल्या होत्या आणि फळ्यांपुढं बाकडी. जेवणारा भिंतीकडं तोंड करून बसायचा. मी मधून वाढत जायची आणि माझं तोंड अखंड चालू. कुणाची बायको बाळंतपणाला गेलीय, कुणाच्या गावाकडनं पत्र नाही, सगळं मला माहीत. माझ्या खानावळीत कुणी एकटं जेवत नाही, असं मी चारचौघांत सांगायची. फार अभिमान होता मला त्याचा.

तू सगळ्यांत सावकाश जेवायचास. मला वाटायचं, पोराला जेवण उतरत नाही. तू बघत होतास, हे मला दोन वर्षांनी कळलं.

त्या दिवशी तू वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक चित्र आणलंस आणि पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलंस. पाच पाठी. नुसत्या पाच पाठी, भिंतीकडं वळलेल्या, तोंड एकाचंही नाही. मी हातात पळी तशीच धरून उभी. म्हटलं, हा बंडू, हा तासगावचा मास्तर, हा आमच्या मागल्या गल्लीतला फिटर. पाठीवरनं ओळखले रे सगळे! बंडू सुताला खळ लावायच्या खात्यात, खळीच्या बादल्या उचलून त्याचा डावा खांदा खाली आलेला, तो तसाच खाली. मास्तराच्या सदऱ्याला कॉलरच्या मागं दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्यानं मारलेला टाका. बायको माहेरी होती तेव्हा त्यानं स्वतः मारला होता तो. मी त्या माणसाला सहा महिने वाढत होते, मला तो टाका दिसला नव्हता.

आणि मग हळूहळू दुसरी गोष्ट दिसली. पाच जण मांडीला मांडी लावून बसलेत आणि प्रत्येकाची नजर आपापल्या समोरच्या वीतभर भिंतीवर. शेजारचा आहे की नाही याचा पत्ता नाही. माझी एवढी बडबड चाललेली असताना ते असे बसायचे होय? मी विचारलं, "मी कुठं हाय रं यात?" तू म्हणालास, "तुमचा आवाज हाय की अक्का. म्हणून तर मानेकडनं जरा सैल बसल्यात." मी पुन्हा बघितलं. खरंच, माना जरा सैल होत्या. आवाज कसा काढतात, बाबा? अजून मला ते उलगडलेलं नाही.

पोटासाठी तू दुसरंच काम करायचास. गेलेल्या माणसांची चित्रं. लोक काय काय घेऊन यायचे तुझ्याकडं! रेशनकार्डावरचा फोटो, पलटणीच्या ओळखपत्रावरचा फोटो, लग्नाच्या गर्दीत अर्धा कापलेला चेहरा. वडिलांना फेटा घाला. आईच्या नाकात नथ घाला, जिवंतपणी घालायची राहिली. आणि सगळ्यांत जास्त मागणी जोडफोटोला. आयुष्यात कधी शेजारी उभं राहून फोटो काढला नाही अशी नवरा-बायको, ती दोन वेगवेगळ्या फोटोंवरनं एकाच कोचावर बसवून द्यायची. तू कधी हसला नाहीस त्या लोकांना. एक म्हातारी तुझ्याकडं तासभर बसून नवऱ्याच्या मिशा सांगत होती, तर तू सहा वेळा त्या पुसून काढल्यास. पण तुझा एक नियम होता. तू म्हणायचास, "गेलेल्याला फोटूवरनं काढायचं अक्का. जित्त्याला समोर बघूनच काढायचं." स्वतःची चित्रं काढताना तू कधी फोटो घेतला नाहीस.

पाच पाठींचं चित्र बघितल्यावर मीच तुझ्या मागं लागले. म्हटलं, सगळ्यांच्या पाठी काढतोस, मला समोरनं काढ. माझ्या डोळ्यांपुढं चित्र तयार होतं. मी मधे उभी, हातात भाकऱ्यांची चळत, दोन्हीकडं माणसंच माणसं. तू हो म्हणालास. मग तू रोज दुपारी तीनला येऊन पाण्याच्या टाकीजवळच्या कोपऱ्यात बसायला लागलास. सगळे जेवून गेलेले असायचे. मला वाटलं, आधी खोली काढून घेतोय, मग गर्दी काढेल. मी आपली माझ्या उद्योगात. तुझ्याकडं लक्ष देऊन सावरून बसायला तू काय परका होतास?

चित्रं लागली सांगलीत, एका शाळेच्या हॉलमध्ये. तुझं पहिलंच प्रदर्शन. तुझं नवीन लग्न झालेलं, सुमन दारात गुलाबपाणी शिंपडत होती. मी कोरं इरकल नेसून, मोठं कुंकू लावून ह्यांच्यासोबत थाटात गेले, पण मला जरा उशीर झाला आणि तेवढ्यात जे घडायचं ते घडलं. बंडू माझ्या आधी येऊन गेला होता. त्याची गिरणी सुटून दोन-तीन वर्षं झाली होती, तो कुपवाडला राहायला गेला होता, आमची गाठ नव्हती. त्यानं आत येऊन बघितलं तर भिंतीवर चौकटीत मी. एकटी. आपल्याकडं एकट्या माणसाची फ्रेम भिंतीवर कधी लागते, ते काय कुणाला सांगायला पाहिजे? तो बिचारा बाहेर गेला, कोपऱ्यावरनं शेवंतीचा हार घेऊन आला आणि चित्राला घालून हात जोडून उभा राहिला. डोळ्यांतनं पाणी. आणि मागनं मी.

माझा आवाज ऐकून तो असा दचकला की बास. "आवं अक्का, तुमी हायसा?" म्हटलं, "मग कुठं जाऊ?" तर म्हणतो, "न्हाई, फोटू एकलीचा बघिटला. म्या म्हटलं, गेली माउली." सगळा हॉल हसला. तू हसलास, बंडू रडता रडता हसला, हे सुद्धा तोंडाला रुमाल लावून हसले. मी नाही हसले. मी हाराच्या वरनं चित्राकडं एक नजर टाकली. रिकामी खोली, लांब बाकडं आणि मी एकटी जेवतेय. तेवढंच बघितलं. डोळे भरले होते आणि राग मस्तकात गेला होता.

आपलं भांडण त्या हॉलच्या पायरीवर झालं. मी म्हटलं, चाळीस माणसं जेवत्यात माझ्याकडं, तुला एकबी दिसला न्हाई? तू म्हणालास, तीन वाजता कुणी नसतंय. म्हटलं, आमचे हे असतात. तर म्हणालास, ते जेवून आतल्या खोलीत झोपल्याले असत्यात. मी म्हटलं, अहेव बाईला एकटीला चौकटीत घातलंस, ह्यांच्या जिवाला काही झालं म्हणजे? त्यावर तू चेष्टा केलीस, कुंकू काढलंय की अक्का, चांगलं ठळक. मग माझा तोल गेला. मी जे बोलले ते शब्दाला शब्द आठवतं मला.

"साऱ्या दुनियेच्या मेलेल्या नवऱ्यांना बायकांशेजारी बसवतोस. माझा तर जित्ता हाय. त्याला बसव माझ्याशेजारी. न्हाईतर माझ्या दारात येऊ नगंस."

तू म्हणालास, "बसवतो."

ह्यांना तू समोर बसवलं नाहीस. गिरणीच्या ओळखपत्रावरचा फोटो मागून नेलास. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. एवढा मोठा कारागीर तू, आणि तुझा नियम माझ्यासमोर मोडत होतास, तर मला वाटलं कामाच्या घाईत आहेस.

दोन-तीन महिन्यांनी चित्र घरी आणून दिलंस. काय सुंदर होतं! बाकड्यावर हे, ताठ बसलेले, इस्त्रीचा सदरा. शेजारी मी, डोक्यावर नीट पदर. आणि माझ्या तोंडावर असं एक समाधान, की येणारी बाई बघून म्हणायची, नवऱ्याशेजारी कशी तृप्त दिसतीया बघा. वडूजहून आमच्या आत्याबाई आल्या, त्यांनी तर लांबनं दृष्ट काढली. मी ते बाहेरच्या खोलीत दारासमोर लावलं. तू आलास की भिंतीला टेकून, बरोबर त्या चित्राकडं पाठ करून बसायचास. एकदाही वळून बघितलं नाहीस. मीही विचारलं नाही. मला माहीत होतं, विचारलं तर तू खरं सांगशील.

मग फ्लेक्सचे दिवस आले, पाट्या रंगवायचं काम गेलं आणि तुम्ही दोघं सुमनच्या माहेरी साताऱ्याला गेलात. मी वर्षातनं एखादी फेरी मारायची. तुझ्या खोलीत शिरलं की आधी टर्पेंटाइनचा वास आणि मग भिंतीभर तुझी माणसं. औद्योगिक वसाहतीच्या थांब्यावर कंपनीच्या बसची वाट बघणारी बाई, तिनं डब्याची पिशवी पोटाशी धरलीय, पोर धरावं तशी. हॉटेलात मिसळ खाणारा मनुष्य, समोर पाण्याच्या ग्लासाला टेकवलेला मोबाईल, मोबाईलमध्ये बोटाएवढी मुलगी त्याला काहीतरी दाखवतेय आणि त्याचा हातातला पाव तसाच हातात. मी त्या चित्रापुढं उभी राहिले तर माझीच भूक मेली. एवढ्या गर्दीच्या गावात तू ही माणसं कुठनं वेचून काढायचास? एस.टी. स्टँडवर मीही उतरायची की. मला गर्दी दिसायची. तुला त्या गर्दीतला एक दिसायचा, आणि तो दिसला की बाकीचे आपोआप बाजूला व्हायचे.

एकदा न राहवून विचारलं, का रे सगळी एकटी माणसंच काढतोस, बघणाऱ्याला रडू येतं. तू ब्रश पुसत होतास. म्हणालास, "मी एकटी माणसं काढत न्हाई अक्का. माणूस एकटा असताना कसा असतोय, ते काढतो. त्याला कुणी बघितल्यालं नसतंय." मला तेव्हा ते पटलं नाही. मी म्हटलं, तेच ते.

आणि मग ते हवालदाराचं चित्र. आमचे हे जाऊन वर्ष झालं होतं. मुलगा पुण्याला, खानावळ बंद केलेली, मी माधवनगरला त्याच घरात. जीव रमेना म्हणून तुमच्याकडं आले होते. तू म्हणालास, बघा काय जमलंय का. नवीन इमारतीतला तिसरा मजला. बाल्कनीत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एकीत पलटणीतनं निवृत्त झालेला हवालदार, दाढी गुळगुळीत, पेपर घडीवर घडी घालून असा ठेवलेला की कडांनी बोट कापेल. दाराशी पॉलिश केलेले बूट. आणि मान किंचित वळलेली, लिफ्टकडं. लिफ्ट चित्रात नव्हतीच! पण महिपती, मला तिचा आवाज आला. ती वर येतेय, येतेय आणि दुसऱ्या मजल्यावर थांबलीय. शपथ घेऊन सांगते, मला ऐकू आलं. मी पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात तो खरा हवालदार आला, चहाला. तू त्याच्या घरी दोन महिने जाऊन बसला होतास, पण चित्र त्यानं बघितलं नव्हतं. तो समोर उभा राहिला. मला वाटलं, आता हा चिडणार. सारी उमर दोनशे माणसांत बराकीत काढलेला गडी, नात्यागोत्याचा, आणि त्याला असा काढलाय. त्यानं शर्टाची कॉलर सारखी केली, चित्राजवळ गेला, बुटांकडं बघितलं, मग स्वतःच्या तोंडाकडं. आणि म्हणाला, "एकदम करेक्ट." तेवढंच. आणि चहा प्यायला बसला.

मला त्या माणसाची इतकी लाज वाटली म्हणून सांगू! म्हणजे त्याच्यासमोर स्वतःची. तो लढाईला गेलेला होता म्हणून नव्हे. तो स्वतःसमोर उभा राहिला आणि मी नव्हते राहिले.

त्याच दिवशी तुला सांगायचं होतं, की तू बरोबर होतास. ताटं वाढून, खरकटी काढून, मी रोज तीनला एकटीच जेवायची. ह्यांनी कधी त्रास दिला नाही, माणूस सोन्यासारखा होता, पण माझ्याशेजारी ते कधीच बसले नव्हते. मी तुझ्यासारख्या माणसाकडनं खोटं काढून घेतलं आणि ते दारासमोर लावलं. हे सांगायचं होतं. पण हवालदार बसला होता, मग सुमन पोहे घेऊन आली, मग माझी गाडी निघायची वेळ झाली. त्यानंतर फोनवर तू माझी साखर विचारायचास, मी तुझं बीपी विचारायची, आणि ते राहिलं. पुष्कळ वेळा ओठांवर आलं. मला वाटायचं, समोरासमोर सांगू. एवढी बोलकी बाई मी, आणि जे एक वाक्य बोलायचं होतं ते चार वर्षं तोंडातनं निघालं नाही.

तेराव्यानंतर दोन दिवस मी सुमनजवळ राहिले. ती तुझे ब्रश धूत होती, मी पुसत होते. तिला सगळं सांगितलं, वर लिहिलंय ते. म्हटलं, बाई गं, त्याच्या सगळ्या चित्रांत एकच खोटं आहे आणि ते माझ्या घरी आहे. तुमच्या प्रदर्शनात ते नको. ती थांबली. नळ बंद केला.

"अक्का, रागावणार नसाल तर सांगते," ती म्हणाली. आमच्या ह्यांना ती दादा म्हणायची. "दादांना काढायच्या आधी ह्यांनी माझ्याकडनं त्या चित्रावर वार्निशचे दोन हात मारून घेतलेवते. खालचं चित्र वाळल्यालं होतं. वरचं सगळं त्या वार्निशवर हाय. टर्पेंटाइननं निघतंय."

मला काही कळेना. ती समजवायला लागली, की बघा, काचेखाली एक चित्र आहे आणि काचेवर दुसरं काढलंय असं समजा. काच पुसली की वरचं जाईल, खालच्याला धक्का लागणार नाही. पंचवीस वर्षं तिच्या पोटात होतं ते. का नाही बोललीस म्हटल्यावर म्हणाली, "हे म्हणालेले, अक्का मागतील तवा सांग. न्हाई मागितलं तर राहू दे. त्यांचं घर हाय."

महिपती, तू माझ्यासाठी खोटं बोललास आणि खरं त्याच्याखाली झाकून ठेवलंस, धूळ लागू नये म्हणून. आणि वर मला कधी उघडं पाडलं नाहीस. अशी माणसं असतात होय रे?

पण पुसायचं म्हणजे कुणाला पुसायचं? घरी येऊन चित्रासमोर बसले. ह्यांना जाऊन पाच वर्षं झाली. त्यांचं दुसरं चित्र माझ्याकडं नाही, रोज सकाळी ह्याच चित्राला हार घालते, त्यांच्या बाजूनं, माझ्या बाजूला येऊ नये असा तिरका. त्यांना कापसानं पुसून टाकायचं? सुमन म्हणाली होती, तुमी म्हणाल तसं, लावायचंच असं न्हाई. आठ दिवस मी घास घेताना त्यांच्याकडं बघायची आणि मान खाली घालायची.

शेवटी पुण्याला मुलाला फोन केला. तो उसळलाच. म्हणाला, आई, तू बाबांना पुसणार? लोक काय म्हणतील? मी त्याला एक गोष्ट सांगितली, जी मी तुलाही सांगितली नव्हती. तू चित्र देऊन गेलास त्या संध्याकाळी हे त्याच्यासमोर उभे राहिले, पुष्कळ वेळ बघितलं आणि मला म्हणाले, "मी कवा बसलोवतो गं तुझ्याजवळ?" मी म्हटलं, गप बसा, चांगलं दिसतंय. ते गप बसले. पण दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून झाल्यावर ते आत गेले नाहीत, बाकड्याच्या टोकाला येऊन बसले. मी जेवत होते. दोघांनाही काय बोलावं सुचेना. पाच-दहा मिनिटं बसले असतील. मग म्हणाले, "तू जेव. मी असल्यावर तुला नीट जेवता येत न्हाई." आणि उठून गेले.

मुलगा म्हणाला, आधी त्या चित्राचा मोबाईलवर नीट फोटो काढून मला पाठव, बाबांचा. मी ते मोठं करून आणतो. मग काय करायचं ते कर.

फोटो काढून त्याला पाठवला आणि चित्र सोलापुरी चादरीत गुंडाळून एस.टी.नं साताऱ्याला नेलं. शेजारची बाई विचारत होती, टीव्ही हाय काय? म्हटलं, हां, जुना हाय, दुरुस्तीला नेतेय.

सुमननं तुझ्या खोलीत, खिडकीजवळ, चित्र टेबलावर आडवं ठेवलं. कापूस, बाटली, जुनं फडकं. मी म्हटलं, त्यांच्या पायाकडनं सुरुवात कर. ती कापूस ओला करून हलक्या हातानं फिरवत होती, गोल गोल, बाळाचं अंग पुसावं तशी, आणि कापूस तपकिरी होत होता. ह्यांचे पाय गेले, खाली बाकड्याचं लाकूड आलं. सदरा गेला, खाली दारातनं आलेलं तीन वाजताचं ऊन आलं. चेहऱ्याशी आल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं. मी हात जोडले. म्हटलं, जरा सरका, एवढंच. मग मान हलवली.

त्यांच्या कोपराखाली माझा गुडघा निघाला. मला वाटलं, काहीतरी चुकलं, कुणाचा गुडघा? माझाच. मी बाकड्यावर एक पाय वर घेऊन बसले होते. सासरी कुणासमोर मी पाय वर घेऊन बसले नाही रे आयुष्यात! सुमन पुढं सरकली, पदर पुसायला लागली, तर त्याखाली माझे केस, घामानं कानशिलाला चिकटलेले, अर्धे सुटलेले. पदर खांद्यावरनं घसरून मांडीत पडलाय. एका हातात भाकरीचा तुकडा आणि दुसऱ्या हाताचं ओलं बोट हनुवटीखाली, नुकतंच तोंडातनं काढलेलं. ठेचा चाटलाय मी. हे पंचवीस वर्षं ह्यांच्या सदऱ्याखाली आणि त्या नीटनेटक्या पदराखाली होतं. नवरा शेजारी आणायचा म्हटल्यावर तुला माझा पाय खाली घ्यावा लागला, पदर डोक्यावर घ्यावा लागला, चाटलेलं बोट लपवावं लागलं. मी फक्त एक माणूस मागितला होता. त्याच्यापायी मी माझ्यातलं काय काय झाकायला लावलं ते मला त्या टेबलाशी उभी राहून दिसलं.

सुमननं कापूस खाली ठेवला. झालं, म्हणाली. मी म्हटलं, आणि तोंड? तोंड राहिलं की पुसायचं. ज्या तोंडाची आत्याबाईंनी दृष्ट काढली होती, नवऱ्याशेजारी तृप्त दिसतीया म्हणून, ते तसंच होतं.

ती म्हणाली, "तोंडाला ह्यांनी हातच लावला न्हाई अक्का. ते पहिल्यापासनंचंच हाय."

मी खुर्ची ओढून बसले. उन्हातल्या त्या बाकड्यावर एक बाई चाळीस माणसांचं रांधून, वाढून, उष्टी काढून, एक पाय वर घेऊन बसली होती. कुणाला काही हवं-नको विचारायचं नव्हतं. कुणाशी बोलायचं नव्हतं. माझ्या अख्ख्या आयुष्यातली ती रोजची अर्धी घटका, आणि मी ती आहे म्हणून कधी ओळखलीच नव्हती. तू माझी कीव करून मला काढलंयस, असं समजून मी तुझ्याशी भांडत राहिले. आणि तू टाकीजवळच्या कोपऱ्यात बसून, श्वाससुद्धा न वाजवता, हे बघितलं होतंस.

मी किती वेळ गप्प होते कोण जाणे. सुमन घाबरली असावी, मी गप्प बसलेली तिनं कधी बघितली नव्हती. तिनं माझ्या खांद्याला हात लावला, म्हणाली, अक्का, बोला की कायतरी.

मी म्हटलं, "थांब जरा. जेवू दे तिला."